दात काढायचा की वाचवायचा? आधी ‘फोटो’ पाहा, मग ठरवा

तिरोडा तालुक्यात दातांच्या एक्स-रेबद्दल शंका आणि भीती दोन्ही; खर्रा, सिकलसेल आणि अंतर यांमुळे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा

तिरोडा : दाढ ठणकायला लागली की आधी लवंग, मग मेडिकलमधून आणलेली गोळी आणि तीही पुरेनाशी झाली की दवाखाना. ग्रामीण भागात हा क्रम ठरलेला आहे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत माणूस दोन-तीन रात्री जागलेला असतो, गाल सुजलेला असतो, मजुरी बुडालेली असते. अशा वेळी डॉक्टर म्हणाले, ‘आधी एक्स-रे काढू’, की ठरलेला सवाल येतो : ‘दात दुकते त काहाडून टाका, फोटो कायले पायजे?’

या सवालामागे तीन गोष्टी असतात. खर्च वाढतो ही एक. किरणांची भीती ही दुसरी. आणि डॉक्टर उगाच काढायला लावत असतील ही शंका, ही तिसरी. तिन्हींत थोडेफार तथ्य आहे, म्हणूनच त्यांचे उत्तर नीट मिळायला हवे. कारण दात एकदा काढला की तो परत येत नाही. आणि तो काढायचा की वाचवायचा, हे ठरवायला जी माहिती लागते तिचा मोठा भाग हिरडीच्या आत आणि हाडात दडलेला असतो.

डोळ्यांना दिसतो तो अर्धाच दात

तोंड उघडून आरशात जो दात दिसतो तो फक्त वरचा भाग. मुळे त्याहून लांब असतात आणि जबड्याच्या हाडात रुतलेली असतात. खालच्या दाढेला साधारण दोन, वरच्या दाढेला साधारण तीन मुळे. ती सरळ आहेत की वाकडी, टोकाशी पू साचला आहे का, आजूबाजूचे हाड किती उरले आहे, यातले काहीही आरसा आणि बॅटरीच्या उजेडात कळत नाही.

एक्स-रेचे काम इथे सुरू होते. दाताचे कवच आणि हाड घट्ट असल्यामुळे किरणे अडतात आणि तो भाग चित्रात पांढरा येतो. कीड लागलेला, पोखरलेला किंवा पू झालेला भाग विरळ असतो, तिथून किरणे आरपार जातात आणि तो काळा दिसतो. डॉक्टर हाच काळा-पांढरा फरक वाचतात.

इथे एक जुना गैरसमज दूर करावा लागेल. दाताची ‘कीड’ म्हणजे वळवळणारा किडा नव्हे. बाजारात धूर देऊन, नळी लावून दातातला किडा काढून दाखवणारे पूर्वी जागोजागी दिसत. आजही कुठे कुठे दिसतात. कोणत्याही एक्स-रेत असा किडा कधी सापडलेला नाही. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दात हळूहळू विरघळतो, त्याला आपण कीड म्हणतो. दोन दातांच्या फटीत ही कीड सुरू झाली तर वरून दात ठणठणीत दिसतो आणि आतून पोखरत जातो. ती लवकर पकडायची तर दोन्ही जबडे मिटून घेतलेला छोटा एक्स-रे लागतो. त्या टप्प्यावर साध्या सिमेंटने काम भागते. वर्षभर थांबले तर तीच दाढ रूट कॅनालवर जाते, आणखी थांबले तर उपटण्यावर.

निर्णय कुठे बदलतो?

एक्स-रे हवा की नको याची साधी कसोटी आहे : त्या चित्रामुळे उपचाराचा निर्णय बदलू शकतो का? बदलू शकत असेल तर काढावा. ही कसोटी लावली की पुढील प्रसंग स्पष्ट होतात.

पहिला प्रसंग रूट कॅनालचा. या उपचारात दाताच्या मुळातील बारीक नळ्या साफ करून भरायच्या असतात. नळी किती लांब आहे हे कळले नाही तर सुई एकतर अलीकडे थांबते आणि घाण आत राहते, किंवा मुळाच्या टोकापलीकडे जाऊन हाडाला इजा करते. म्हणून उपचाराआधी एक आणि शेवटी एक असे किमान दोन छोटे एक्स-रे लागतात. मधला लांबी मोजण्याचा एक्स-रे काही ठिकाणी विजेवर चालणाऱ्या मोजणी यंत्रामुळे टळतो. ‘एकाच दाढीचे दोन-तीन फोटो कशाला?’ या तक्रारीचे उत्तर हे आहे. एकही एक्स-रे न काढता रूट कॅनाल केले जात असेल तर उलट रुग्णाने सावध व्हावे.

दुसरा प्रसंग अक्कलदाढेचा. ही दाढ अनेकदा आडवी अडकलेली असते. खालच्या जबड्यात तिच्या मुळांजवळून एक नस जाते, जी ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. ती नस किती जवळ आहे हे न पाहता दाढ काढली तर ओठ बधिर राहण्याचा धोका असतो. इथे पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, कामाचा.

तिसरा प्रसंग हलणाऱ्या दातांचा. दात हलतो म्हणून काढून टाका, असे वयस्कर मंडळी सहज म्हणतात. हिरड्यांच्या आजाराने मुळाभोवतीचे हाड झिजते तेव्हा दात हलतो. अर्धे हाड शिल्लक असेल तर खोल सफाई करून दात अनेक वर्षे टिकू शकतो. हाडच उरले नसेल तर काढणे शहाणपणाचे. हा फरक डॉक्टरांना हिरडीत मोजपट्टी घालून आणि एक्स-रे पाहून कळतो. मधुमेहाच्या रुग्णांत हा आजार जास्त वेगाने वाढतो, म्हणून त्यांनी तर अंदाजावर राहूच नये.

चौथा प्रसंग लेकरांचा. ‘दुधाचा दात आहे, पडणारच आहे’ म्हणून पालक दुर्लक्ष करतात. त्या दुधाच्या दाताखाली पक्का दात तयार होत असतो आणि वरचा पू त्याला इजा करू शकतो. त्याहून मोठी फसगत सहाव्या वर्षाच्या आसपास होते. त्या वयात सर्वांत मागे जी दाढ येते ती कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, ती थेट पक्कीच असते. घरचे तिला दुधाची समजतात, ती किडते आणि दहा वर्षांच्या मुलाची आयुष्यभराची दाढ निघून जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. दातांची कीड त्यांच्या यादीत आहे. पथकाने दातासाठी चिठ्ठी दिली असेल तर ती दप्तरात पडून राहू नये, एवढे तरी पालकांच्या हातात आहे.

सिकलसेल असेल तर आधी सांगा

गोंदिया जिल्ह्यासाठी एक मुद्दा खास महत्त्वाचा आहे. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्याच्या बऱ्याच आधीपासून इथल्या गावांत तपासणी आणि कार्डवाटप चालू आहे. पण सिकलसेलचा आणि दाताचा संबंध फार थोड्यांना माहीत असतो.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडवतात. हातापायांच्या हाडांत जशी कळ येते तशीच ती खालच्या जबड्यातही येऊ शकते. रुग्णाला वाटते दाढच दुखते. दाढ बघावी तर कीड नाही, खड्डा नाही. कधी रक्तपुरवठा तुटून न किडलेल्या दाताची आतली नसही मरते. आणि कधी जबड्याच्या हाडात जंतुसंसर्ग होतो.

अशा रुग्णाची दाढ अंदाजाने उपटली तर दुखणे थांबेल याची खात्री नाही, वर जखम आणि संसर्गाचा धोका पदरी. एक्स-रेत दात आणि हाड निर्दोष दिसले तर डॉक्टर सिकलसेलच्या कळेचा विचार करतात. मुळाशी काळा डाग दिसला तर दाताच्या नसेची तपासणी करतात. उपचाराची दिशा पूर्ण बदलते. त्यामुळे सिकलसेलचे कार्ड असलेल्या रुग्णाने दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर पहिल्या वाक्यातच ते सांगावे. ‘दाताचा आणि त्याचा काय संबंध’ म्हणून लपवून ठेवू नये.

खर्ऱ्यापुढे एक्स-रे आंधळा

एक्स-रेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. विदर्भात, आणि तिरोड्यातही, सर्वांत मोठी मर्यादा खर्ऱ्याशी जोडलेली आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा चौकाचौकांत रुळलेला आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते आणि त्यातला फार मोठा वाटा बिडी-सिगारेटचा नव्हे, तर खायच्या तंबाखूचा होता.

सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तिखट लागेनासे होते म्हणजे झोंबायला लागते, आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. पाणीपुरी तोंडात जात नाही, असे तरुण पोरे हसत सांगतात; ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. गालावरचा पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारा छाला, ही कर्करोगाची आधीची किंवा सुरुवातीची खूण असू शकते. आणि यातले काहीच एक्स-रेत दिसत नाही. एक्स-रे हाड आणि दात दाखवतो, मऊ कातडी दाखवत नाही. कर्करोग हाडापर्यंत पोहोचला की तो एक्स-रेत दिसतो; तोवर बराच उशीर झालेला असतो.

म्हणून ‘फोटो काढला, काही निघालं नाही’ हे वाक्य खर्रा खाणाऱ्यासाठी धोक्याचे आहे. त्याला हवी डोळ्यांनी आणि बोटांनी केलेली तोंडाची तपासणी आणि गरज पडली तर तुकडा काढून तपासणे. दुसऱ्या बाजूने, तोंड दोन बोटांएवढेच उघडत असेल तर छोटी फिल्म आत बसत नाही. अशा रुग्णाची दाढ दुखली की बाहेरून फिरणाऱ्या यंत्राने घेतलेला ओपीजीच पर्याय उरतो. तो तालुक्यात मिळाला नाही तर गोंदिया गाठावे लागते. खर्ऱ्याची किंमत अशीही मोजावी लागते.

दुसरी मर्यादा सर्वांसाठीच आहे. मुळाच्या टोकाशी हाड पोखरायला लागले तरी त्यातील बराच खनिज भाग, साधारण ३० ते ५० टक्के, गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत डाग उमटत नाही. कीडही असते त्यापेक्षा चित्रात थोडी लहानच दिसते. त्यामुळे तपासणी न करता नुसता फोटो बघून दिलेला सल्ला अर्धवट. रुग्णाचे ऐकणे, दात ठोकून पाहणे, थंड-गरम लावून पाहणे आणि मग एक्स-रे, हा क्रम योग्य.

किरणांची भीती किती खरी?

एक्स-रेचा शोध विल्हेल्म राँटगेन यांनी जर्मनीत नोव्हेंबर १८९५ मध्ये लावला. दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ओटो वॉल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा एक्स-रे घेतला. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर बसावे लागले. त्या काळात धोका कोणाला माहीत नव्हता. अमेरिकेतील एडमंड केल्स हे दंतवैद्य वर्षानुवर्षे किरणांच्या वाटेत हात ठेवून काम करत राहिले. त्यांची बोटे गेली, नंतर हात गेला, १९२८ मध्ये त्यांचा शेवटही या दुखण्यातच झाला. भीतीचे मूळ अशा खऱ्या घटनांत आहे.

आज स्थिती वेगळी आहे. छोटा एक्स-रे सेकंदाच्या काही भागात होतो. फिल्मऐवजी संगणकाला जोडलेला सेन्सर असेल, ज्याला दवाखान्यात आरव्हीजी म्हणतात, तर किरणे आणखी कमी लागतात आणि चित्र लगेच पडद्यावर येते.

आकड्यांत सांगायचे तर किरणांची मात्रा मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. माती, खडक, आकाश आणि अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा निसर्गतःच मिळते. दाताच्या एका छोट्या डिजिटल एक्स-रेची मात्रा साधारण ०.००५ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून एका दिवसात मिळते तेवढी किंवा त्याहून कमी. ओपीजी काही दिवसांच्या बरोबरीचा. डोक्याच्या सीटी स्कॅनची मात्रा २ मिलिसिव्हर्टच्या आसपास, म्हणजे शेकडो छोट्या एक्स-रेइतकी. दातांसाठीचे त्रिमितीय स्कॅन, ज्याला सीबीसीटी म्हणतात, त्याची मात्रा यंत्र आणि भागानुसार बदलते आणि छोट्या एक्स-रेपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून ते सरसकट काढायचे नसते. अवघड अक्कलदाढ, इम्प्लांट, जबड्याची गाठ अशा कामांसाठीच ते राखलेले बरे.

गरोदर महिलांच्या बाबतीत गैरसमज जास्त. दाताच्या एक्स-रेची किरणे तोंडाकडे रोखलेली असतात, पोटाकडे नाही. साधी तपासणी पुढे ढकलता येते, ती ढकलावी. पण गाल सुजला आहे, ताप आहे, पू झाला आहे, अशा वेळी एक्स-रेच्या भीतीने उपचार थांबवणे आई आणि बाळ दोघांनाही जास्त महागात पडते. गरोदर असल्याचे डॉक्टरांना आधी सांगणे मात्र आवश्यक.

शिशाच्या एप्रनबाबत अलीकडे मत बदलले आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले की आताच्या यंत्रांत किरणांचा झोत पुरेसा आवळलेला असल्याने एप्रन आणि गळ्याची पट्टी नेहमी घालण्याची गरज उरलेली नाही. उलट ओपीजीत ती मध्ये आल्यास चित्र बिघडते आणि पुन्हा काढावे लागते. म्हणून एप्रन दिला नाही एवढ्यावरून डॉक्टरांवर शंका घ्यायला नको. भीती वाटत असेल तर मागून घ्यावा. खरे संरक्षण मात्र तीन गोष्टींत आहे : गरज असेल तेव्हाच काढणे, पहिल्याच वेळी नीट काढणे आणि आधीचा चांगला एक्स-रे असेल तर तोच वापरणे.

‘उगाच काढायला लावतात’ ही शंका

ही शंका पूर्ण झटकून टाकता येत नाही. तोंड न तपासताच ‘आधी ओपीजी काढून आणा’ असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. दर सहा महिन्यांनी सर्वांचा एक्स-रे, असा कोणताही शास्त्रीय नियम नाही. जगभरची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात की आधी तपासणी, मग त्या रुग्णाच्या गरजेप्रमाणे एक्स-रे. कीड लागण्याचा धोका जास्त असलेल्या मुलाला तो लवकर लागेल, निरोगी तोंडाच्या मोठ्या माणसाला दोन-तीन वर्षे लागणारही नाही. नुसती सफाई करायची, दुधाचा हलणारा दात आपोआप पडायचा, तोंड आले आहे, अशा कामांना बहुधा एक्स-रेची गरज नसते.

यंत्र कोणाचेही असो, कायदा सर्वांना एकच आहे. दातांची एक्स-रे यंत्रे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेत येतात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. छोटे यंत्र असो, ओपीजी असो की सीबीसीटी, दवाखान्याने त्याची मंडळाकडे ऑनलाइन नोंदणी करणे बंधनकारक आहे. २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम लहान दवाखान्यांनाही लागू आहेत. बटण दाबताना डॉक्टरांनी यंत्रापासून दूर किंवा आडोशाला उभे राहावे आणि फिल्म आपल्या बोटांनी धरू नये, या साध्या काळजीमागे केल्स यांच्यासारख्यांनी मोजलेली किंमत आहे. ‘तुमच्या यंत्राची नोंदणी आहे का’ हा प्रश्न विचारणे उद्धटपणा नाही. त्याचप्रमाणे दात बघणारी व्यक्ती दंत परिषदेकडे नोंदणी असलेली दंतवैद्य आहे का, हेही पाहावे. गल्लीत खुर्ची टाकून दात बसवणाऱ्याकडे ना एक्स-रे असतो, ना नोंदणी.

खुर्ची आहे, यंत्राचे काय?

आता मूळ दुखणे. केंद्राच्या आरोग्य निकषांत दंतवैद्याची जागा ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून धरलेली आहे. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांची खुर्ची सहसा नसते. म्हणजे मुंडीकोटा असो, वडेगाव असो की सुकडी-डाकराम, दातासाठी तिरोडा गाठावेच लागते. तिरोड्यात जमले नाही तर तीसेक किलोमीटरवर गोंदिया, तिथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथूनही पुढे पाठवले तर नागपूरच्या मेडिकल परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय, तिरोड्याहून रेल्वेने शंभर किलोमीटरच्या घरात.

हे अंतर पैशांत मांडून पाहावे. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये धरली होती. रूट कॅनालला दोन-तीन खेपा लागतात. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी, सोबत आलेल्या माणसाची मजुरी आणि भाडे. रोवणी किंवा धान कापणीचा हंगाम असेल तर विचारायलाच नको. त्यामुळे उपचार मोफत असला तरी वाचवलेला दात महाग पडतो आणि काढलेला दात स्वस्त. ‘काढून टाका’ हा आग्रह अडाणीपणातून येत नाही, तो या हिशेबातून येतो. पुढे न चावता गिळलेले अन्न, झुकत जाणारे शेजारचे दात, नंतर कवळीचा खर्च, हे सगळे त्या दिवशीच्या हिशेबात दिसत नाही.

रुग्णालयात ‘एक्स-रे मशीन आहे’ या उत्तरावरही समाधान मानू नये. छाती आणि हातपाय दाखवणाऱ्या मोठ्या यंत्राने दाताच्या मुळाचे बारीक चित्र मिळत नाही. दातासाठी भिंतीला लावायचे छोटे यंत्र वेगळे असते. ते आकाराने लहान, घरगुती विजेवर चालणारे आणि मोठ्या यंत्राच्या तुलनेत बरेच स्वस्त. पण सेन्सर बिघडला, फिल्म संपली, संगणक बंद पडला की तेच यंत्र शोभेचे होते. आणि एक्स-रे नसलेल्या खुर्चीवर डॉक्टर कितीही हुशार असले तरी त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात : गोळी लिहून द्या किंवा दाढ काढा. गोळीने सूज उतरते, मुळातला पू जात नाही. काही महिन्यांनी रुग्ण परत त्याच खुर्चीवर येतो.

यासाठी लोकप्रतिनिधींनी आणि रुग्ण कल्याण समितीने एक साधा आकडा दर महिन्याला मागावा. दंत विभागात किती दात काढले आणि किती दात भरले किंवा रूट कॅनाल करून वाचवले? काढलेल्यांचा आकडा सतत फार मोठा असेल तर तिथे एक्स-रे यंत्र, साहित्य किंवा मनुष्यबळ यांपैकी काहीतरी कमी आहे, असे समजावे. नागरिकांनाही माहिती अधिकारात ही संख्या मागता येते. यंत्राची दुरुस्ती कोणाकडे, बंद पडल्यास किती दिवसांत सुरू होते, याची नोंदही त्याच अर्जात विचारता येईल.

डिजिटल यंत्राचा आणखी एक फायदा तालुक्याला होऊ शकतो. चित्र संगणकात येत असल्याने ते गोंदिया किंवा नागपूरच्या तज्ज्ञाला पाठवून सल्ला घेता येतो. कोणाला खरेच पुढे पाठवायचे आणि कोणाचे काम इथेच होईल, हे ठरले तरी अनेकांची एक खेप वाचेल. ज्या घरात दिवसाची मजुरी बुडणे म्हणजे आठवड्याचा बाजार अडणे, तिथे एक खेप वाचणे ही मोठी गोष्ट आहे.

रुग्णांनी एवढे करावे

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. या एक्स-रेतून काय कळणार आहे? त्यामुळे उपचार बदलू शकतो का? दात वाचण्यासारखा आहे का? चांगले डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून समजावून सांगतात, आणि बहुतेकांना ते आवडतेही.

एक्स-रे झाला की त्याची प्रत घ्यावी. फिल्म असेल तर नाव आणि तारीख टाकून पाकिटात ठेवावी, डिजिटल असेल तर मोबाइलवर मागून घ्यावी. दुसरीकडे जावे लागले तर तीच दाखवावी. पुन्हा पैसे आणि पुन्हा किरणे, दोन्ही वाचतात. सिकलसेल, मधुमेह, हृदयाचा आजार, गरोदरपण, चालू असलेली औषधे आधीच सांगावीत. खर्रा खात असाल तर तेही लपवू नये आणि एक्स-रेसोबत तोंडाची आतून तपासणी करून मागावी.

आणि दाढ पहिल्यांदा झिणझिणते, थंड पाणी लागते, तेव्हाच जावे. त्या टप्प्यावर एक छोटा एक्स-रे आणि एक खेप पुरते. गाल सुजल्यावर गेले तर खेपा वाढतात आणि दात हाती लागेल याचा भरवसा राहत नाही.